मशक ते मिक्सर : नळ बसवणाऱ्यांचा इतिहास

गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघराची सिंकमागची भिंत ओली दिसू लागली. आधी हाताएवढा डाग होता, मग तो परातीएवढा झाला. महिन्याभरात खालच्या मजल्यावरच्या भाभी वर आल्या आणि त्यांनी छताचे पोपडे मोबाइलमध्ये दाखवले. नवा सिंक मिक्सर बसवून जेमतेम वर्ष झाले होते. मिक्सर चांगल्या कंपनीचा होता, बिलही होते. ज्याने तो बसवला त्या माणसाने तीन वेळा फोन उचलला, तीन वेळा "उद्या येतो" म्हणाला आणि नंतर फोन उचलणेच बंद केले.

शेवटी माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आला. तो आयटीआयमध्ये प्लंबर ट्रेडचा एक वर्षाचा कोर्स करत होता. त्याने तोटीला हातही लावला नाही. आधी गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, मग दोन टाइल्स काढल्या आणि आतला एल्बो माझ्या हातावर ठेवला. प्लास्टिकचा एल्बो उभा चिरला होता. त्यात पितळेचा आटा जोर लावून इतका आवळला होता की तो हळूहळू फाटत गेला. तिथे आतून पितळेचे आटे असलेला एल्बो हवा होता. दोघांच्या किमतीत फरक फार नसतो.

"खाला, नल में खराबी नहीं, बिठाने में है," तो म्हणाला.

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. कारण त्याने प्लंबरचा कोर्स घेतला तेव्हा घरात सगळ्यात जास्त नाराज झालेली व्यक्ती मी होते. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बीएड झाले, नोकरीला लागले, भावंडांना शिकवले. मला वाटत होते, आता घरातला पुढचा मुलगा इंजिनीअर होईल, निदान पदवी तरी घेईल. बहिणीला मी बोलूनही दाखवले होते, "पाने घेऊन दारोदार फिरण्यासाठी एवढं शिकवलं का त्याला?"

त्यावर बहीण काही बोलली नव्हती, पण आमच्या अम्मी बोलल्या होत्या. "तुझे दादा मशक घेऊन दारोदार फिरायचे. विसरलीस?"

मी विसरले नव्हते. आम्ही सगळ्यांनी मिळून ते लपवले होते. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, औरंगाबादेत भिस्ती होते. बकऱ्याच्या कातड्याची पंचवीस-तीस लिटरची मशक पाठीवर घेऊन ते हौदावरून, विहिरीवरून घरोघरी पाणी घालत. माझ्या लग्नाच्या बोलणीत समोरच्यांनी विचारले, दादा काय करायचे? आमच्या एका काकांनी झटकन सांगितले, "पाण्याच्या खात्यात होते." सगळे हसले नाहीत, कारण खरे फक्त आम्हालाच माहीत होते. पुढे बरीच वर्षे आम्ही तेच सांगत राहिलो.

त्या चिरलेल्या एल्बोनंतर मी एक गोष्ट केली. इतिहासाचा मला नाद आहेच. पाणी घरात कसे आले, हे मी आजवर वाचत होते. आता ते घरात कोणी आणले, शेवटच्या हातभर अंतरात ते कोणाच्या हातातून गेले, हे शोधत वाचू लागले. हा लेख त्यातून झाला आहे.

आपल्या शहरापासूनच सुरुवात करू. आज ज्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे, ते शहर मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी म्हणून वसवले. मलिक अंबर हबशी होता, इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झालेला. खडकी हे नावच सांगते की जागा खडकाळ होती. अशा ठिकाणी राजधानी करायची तर पाणी हवे. अंबरने उत्तरेकडच्या डोंगराच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालून शहरात आणले. त्यालाच आपण नहर-ए-अंबरी म्हणतो. त्यात मोट नव्हती, रहाट नव्हता, पाणी उचलायचे कोणतेच साधन नव्हते. जमिनीचा उतार नीट धरला की पाणी स्वतःच्या वजनाने चालत येते, एवढ्या एका तत्त्वावर ती नहर चालली. मधूनमधून खाली उतरायला मोऱ्या ठेवल्या होत्या, म्हणजे गाळ काढता येई आणि हवा खेळे. शहरात आल्यावर खापराच्या नळांतून ते पाणी हौदांत, मशिदींत, वाड्यांत जाई. खापराचे तुकडे एकमेकांत बसवून सांधे चुन्याने बंद केलेले असत.

त्याच सुमारास, 1615 मध्ये, बुऱ्हाणपुरात मोगलांचा सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान यानेही जमिनीखालून पाणी आणले. ते कुंडी भंडारा आजही पाहायला मिळते. खानखानान आणि मलिक अंबर हे रणांगणावर एकमेकांचे शत्रू. पण दोघांनी पाणी आणायची जी रीत वापरली तिचे मूळ एकच, इराणची कनात. मला वर्गात हा भाग शिकवताना नेहमी गंमत वाटते. दोन फौजा लढत होत्या आणि दोन्हीकडचे कारागीर एकच विद्या वापरत होते.

औरंगजेब 1653 मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि खडकीचे औरंगाबाद झाले. पुढे आणखी नहरी निघाल्या. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली. डोंगरातून खापराच्या नळांनी आलेले पाणी भिंतीच्या आतून वर चढते आणि उंचावरून हौदात पडते. हे पाहायला दूरदूरची माणसे येतात. पाणी वर चढते याचे त्यांना नवल वाटते. त्यात जादू काही नाही. उगमाची पातळी त्या भिंतीपेक्षा उंच आहे आणि मधला प्रत्येक सांधा पक्का आहे, म्हणून ते चढते. सांधा एका जागी जरी सुटला असता तरी पाणी तिथेच जमिनीत मुरले असते. म्हणजे त्या भिंतीत सगळ्यात मोठे काम सांधे जोडणाऱ्यांचे आहे. बांधून घेणाऱ्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, पण सांधे जोडणाऱ्यांपैकी एकाचेही नाव माहीत नाही.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. इंग्रजीतला 'प्लंबर' हा शब्द लॅटिनमधल्या 'प्लंबम'वरून आला. प्लंबम म्हणजे शिसे. रोमन लोक शिशाचे नळ टाकत आणि ते जोडणारा तो प्लंबर. त्याच रोममध्ये व्हिट्रुव्हियस नावाच्या वास्तुकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले की शिशाच्या नळापेक्षा खापराच्या नळातले पाणी आरोग्याला चांगले. म्हणजे आपल्या पाणचक्कीचे खापरी नळ गरिबीतून आले नव्हते, ती शहाणी निवड होती.

आता तोटीकडे येते. नळ आणि तोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळ पाणी आणतो, तोटी ते थांबवते. हौद आणि कारंज्याच्या काळात पाणी थांबवायची फारशी गरज नव्हती, ते वाहत राही. थांबवण्याची गरज कुठे पडली, याचे एक उत्तर आपल्या मशिदीत आहे.

अरबीत, विशेषतः इजिप्तमध्ये, तोटीला 'हनफिया' म्हणतात. आपल्या हनफी मसलकचे नाव आणि नळाच्या तोटीचे नाव एकच! एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने 1836 मध्ये इजिप्तच्या लोकजीवनावर पुस्तक छापले, त्यात कैरोच्या मशिदींतल्या तोट्या बसवलेल्या पाण्याच्या टाकीचा हाच शब्द नोंदवला आहे. कारण फिक्हमध्ये आहे. हनफी मतानुसार छोट्या हौदातले साचलेले पाणी एकदा वापरले गेले की त्याने वुजू होत नाही, वाहते पाणी मात्र चालते. म्हणून छोट्या टाकीला तोट्या लावल्या की प्रत्येकाला वाहते पाणी मिळाले. आपल्याकडच्या जुन्या मशिदींत याच नियमाचे दुसरे उत्तर दिसते. हौद 'दह दर दह', म्हणजे दहा हात बाय दहा हात बांधायचा. एवढा मोठा हौद वाहत्या पाण्यासारखा धरला जातो. माझ्या लहानपणी मोहल्ल्याच्या मशिदीत हौद होता. आज त्याच्या कडेने तोट्यांची रांग आहे.

पण तोटीने एक नवी अडचणही आणली. हदीसमध्ये येते की पैगंबर (स.) एक 'मुद' पाण्यात वुजू करत. मुद म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीएवढे माप, लिटरहूनही कमी. वाहत्या नदीच्या काठी बसला असाल तरी पाणी उधळू नका, अशीही शिकवण आहे. मी एकदा आठवीच्या मुलांना शाळेच्या तोटीखाली बादली लावून मोजायला सांगितले. नेहमीसारखी वुजू करायची, तोटी सुरू ठेवायची. बादलीत साडेसात लिटर पाणी जमले. मुले एकमेकांकडे बघत राहिली. मी उपदेश केला नाही, बादलीनेच तो केला होता.

आज आपण ओळखतो ती फिरवायची तोटी मात्र इंग्लंडची. आधीच्या तोट्या खुंटीच्या असत. भोक असलेली खुंटी पाव वळवली की पाणी सुरू, पुन्हा वळवली की बंद. साध्या टाकीला ते चालून जाई. पण शहरांत दाबाने पाणी येऊ लागल्यावर ते एकदम अडवले की सगळ्या नळाला हादरा बसे. घरात धाडकन आवाज येतो तोच हा प्रकार. 1845 मध्ये इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने स्क्रूने हळूहळू बंद होणारी तोटी आणली. स्पिंडल फिरते, खालचा वॉशर बैठकीवर दाबला जातो आणि पाणी हळूच थांबते. आपल्या न्हाणीघरातली साधी बिब कॉक आजही त्याच रचनेची आहे. आटेही तिथलेच. 'अर्धा इंची' नळाचा आटा टेपने मोजून पाहा, बाहेरून तो जवळजवळ 21 मिलिमीटर भरतो. अर्धा इंच म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. जुन्या लोखंडी पाइपचे आतले भोक अर्धा इंच होते, ते नाव राहिले आणि माप बदलले. दुकानात टेप घेऊन जाणारे गिऱ्हाईक इथेच फसते, प्लंबर फसत नाही.

थंड पाण्याच्या त्या तोट्यांत वॉशर कशाचा असे? चामड्याचा. हे वाचले तेव्हा मला दादांची मशक आठवली. 1870च्या सुमारास कलकत्त्यात नळाचे पाणी आले तेव्हा सनातनी मंडळींत प्रश्न उठला की यंत्रातून, चामड्यातून, कोणाकोणाच्या हाताखालून आलेले हे पाणी शुद्ध कसे मानायचे. हळूहळू सोयीने शंकेवर मात केली. पाणी चालले, चामडे चालले. ज्यांच्या पाठीवर चामड्याची मशक होती ती माणसे मात्र दाराबाहेरच राहिली.

पाण्याला माणसाची जात लावायचा आपला इतिहास लहान नाही. महात्मा फुल्यांनी 1868 मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 20 मार्च 1927 रोजी हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मी हे दोन्ही प्रसंग दरवर्षी शिकवते. आणि तरी माझ्याच घरात पाणी वाहणाऱ्या माणसाचे नाव घ्यायला आम्ही लाजत होतो. दुसऱ्यांच्या लाजेवर धडा शिकवणे सोपे असते.

भिस्ती हा शब्द मुळात 'बिहिश्ती', म्हणजे जन्नतवाला. तहानलेल्याला पाणी देणाऱ्याला याहून मोठे नाव काय देणार? भिस्ती समाज करबलाच्या हजरत अब्बास यांच्याशी आपले नाते सांगतो. तहानलेल्या लेकरांसाठी मशक भरून आणताना ते शहीद झाले. 1539 मध्ये चौसाच्या लढाईत शेरखानाकडून हरलेला हुमायून गंगेत बुडता बुडता एका भिस्त्याने वाचवला. बादशहाने त्याला काही काळ तख्तावर बसवले, ही हकीकत त्याची बहीण गुलबदन बेगम हिने 'हुमायूननामा'त लिहून ठेवली आहे. तिथेच हेही येते की भाऊ कामरान याला हा प्रकार मुळीच रुचला नाही. जीव वाचवणारा चालतो, पण तो शेजारी बसलेला चालत नाही. कामरान काही एकटा नव्हता. माझ्या लग्नाच्या बोलणीत आम्ही सगळेच थोडे थोडे कामरान झालो होतो.

महाराष्ट्रात या कामाला दोन नावे होती. पाठीवर मशक घेणारा भिस्ती आणि बैलावर मोठी पखाल लादणारा पखाली. घरी पाणी घालणे, रस्त्यावर सडा मारून धूळ बसवणे, इमारतीच्या कामाला पाणी पुरवणे, पलटणीबरोबर जाणे, अशी सगळी कामे ते करत. मग नळ आले. मुंबईत विहार तलावाचे पाणी 1860 मध्ये आले, तानशाचे 1892 मध्ये. एकेका शहरात नळाचे जाळे जसे पसरत गेले तसा भिस्त्याचा एकेक मोहल्ला कमी होत गेला.

आमच्या दादांचेही तेच झाले. गल्लीत आधी सार्वजनिक नळ आला. अम्मी सांगतात, पहिल्या दिवशी दादा स्वतः नळावर गेले, तोटी उघडून ओंजळभर पाणी प्याले आणि म्हणाले, "मीठा है." नंतर वर्षभरात घरे तुटत गेली. जी घरे टिकली ती म्हाताऱ्या बायकांची होती, ज्यांना नळावरच्या रांगेत उभे राहवत नव्हते. पुढे पैठणचे जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झाले आणि नाथसागराचे पाणी पन्नासेक किलोमीटरवरून, पंपाने चढवत शहरात येऊ लागले. दादांची मशक तोवर खुंटीवर वाळून कडक झाली होती. शेवटी ती कुठे गेली, कोणालाच आठवत नाही.

मी विचार करते, दादांच्या काळात कोणी त्यांना सांगितले असते की हेच काम आता पाठीवर करायचे नाही, पाने घेऊन करायचे आहे; पाण्याच्या वाटा तुम्हाला माहीत आहेत, कोणत्या घरात कोणत्या कोपऱ्यात माठ असतो हे माहीत आहे, फक्त आटे पाडायला शिका, तर? पण तसे शिकवणारी संस्था त्यांच्यापर्यंत आलीच नाही. विद्या आली असती तर लाजेची वेळ आली नसती.

असे घडू शकते याचा दाखला ओडिशात आहे. केंद्रपाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडाई भागातून गेली कित्येक दशके प्लंबर देशभर जातात. मोठ्या शहरांच्या उंच इमारतींत नळ टाकणारे हात शोधले तर त्यांत या भागातले बरेच सापडतात. एकाने शिकायचे, गावातल्या दुसऱ्याला बोलवायचे, असे करत कसब पसरले. पुढे तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही उभी राहिली. तिथे हा धंदा कोणी लग्नाच्या बोलणीत लपवत नसेल, असे मला वाटते.

तोटीचा इतिहास इकडे पुढे चाललाच होता. 1937 मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड मोएन नावाचा विद्यार्थी गॅरेजमध्ये काम करून हात धुवायला गेला. दोन मुठींच्या नळातून अचानक कढत पाणी आले आणि हात भाजला. त्यातून त्याला एका दांड्याने गरम-थंड दोन्ही सांभाळणाऱ्या नळाची कल्पना सुचली. पहिले नळ विकायला 1947 उजाडले. आज आपण ज्याला सिंगल लिव्हर म्हणतो ते हेच. पुढे रबराच्या वॉशरच्या जागी सिरॅमिकच्या दोन चकत्या आल्या. एकीवर दुसरी सरकते आणि पाव फेऱ्यात पाणी बंद होते.

तोटी अशी नाजूक आणि महाग होत गेली, तसे ती बसवण्याचे कामही नाजूक झाले. इथे आपल्याकडे मोठी गफलत होते. आपण मिक्सरवर हजारो रुपये घालतो आणि बसवणाऱ्याशी शंभर रुपयांवरून भांडतो. माझ्या भाच्याने स्वयंपाकघराचे आणि न्हाणीघराचे काम कसे केले, ते मी एका बाजूला स्टूल टाकून पाहिले. वाचकांच्या उपयोगाचे म्हणून सांगते.

सगळ्यात आधी त्याने नवी तोटी न लावता पाइपच्या उघड्या तोंडातून बादलीभर पाणी जाऊ दिले. त्यातून वाळू, प्लास्टिकचा भुसा, गंज निघाला. हाच कचरा नव्या तोटीत गेला असता तर सिरॅमिकच्या चकतीवर ओरखडा पडला असता आणि आम्ही कंपनीला शिव्या दिल्या असत्या. मग आट्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळली, तोटी ज्या दिशेने फिरून आवळणार त्याच दिशेने. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटत जाते. जुने कारागीर इथे सुतळी आणि सफेदा लावत. पान्याच्या जबड्याखाली फडके धरले, म्हणजे चकाकीला चरे पडत नाहीत. हाताने जाईल तितके फिरवले आणि पान्याने थोडेच आवळले. जोर दाखवला नाही. आमचा आधीचा एल्बो जोरानेच तर फाटला होता.

न्हाणीघरातल्या भिंतीवरच्या मिक्सरसाठी त्याने दोन पाइपांच्या तोंडांत मध्यापासून मध्यापर्यंत 150 मिलिमीटर अंतर घेतले, पातळी लावली, डावीकडे गरम आणि उजवीकडे थंड ठेवले. आणि टाइल लावण्याआधी तोंडे बुच्च्यांनी बंद करून हातपंपाने पाइपात दाब भरला. काटा जिथे होता तिथेच राहतो का, ते बघत तो बसून राहिला. मी चहा घेऊन आले, तो उठला नाही. "खाला, भिंत एकदा बंद झाली की आतलं फक्त अल्लाहला दिसतं. म्हणून आत्ता बघतोय," म्हणाला.

एक गोष्ट त्याने मला नवीनच शिकवली. तोटीचे तोंड सिंकच्या किंवा बादलीच्या काठापेक्षा वर असले पाहिजे, आणि तोटीला लावलेली रबरी नळी भरल्या बादलीत बुडवून सोडायची नाही. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, मधले दिवस पाइप रिकामे असतात. रिकाम्या होणाऱ्या पाइपात ओढ तयार होते आणि थेट नळाला जोडलेली नळी बादलीतले घाण पाणी उलटे आत खेचते. मग ते पुढच्या पाळीला कोणाच्या तरी माठात जाते. मी इतकी वर्षे अंगणातली नळी बादलीत टाकून निवांत झोपत होते. शेजाऱ्यांच्या लेकरांच्या पोटाचा विचार मला कधी शिवला नव्हता. ज्याने एक वर्षाचा कोर्स केला त्याला तो होता.

संध्याकाळी काम संपले. अम्मींनी नवी तोटी स्वतः उघडली. आधी हवा निघाली, मग फेस, मग सरळ धार. त्यांनी ओंजळ धरली, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "मीठा है." माझ्या भाच्याला त्यामागची गोष्ट माहीत नव्हती. त्या रात्री जेवताना मी ती त्याला सांगितली, दादांच्या मशकीपासून लग्नाच्या बोलणीतल्या त्या खोट्यापर्यंत. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारले, "दादांचं नाव काय होतं?" चौथ्या पिढीपर्यंत ते नावही पोहोचले नव्हते. मी सांगितले.

आता त्याच्याकडे कामे येऊ लागली आहेत. त्याने दर ठरवले आहेत आणि तो कागदावर लिहून देतो : सामान किती, मजुरी किती, गळती झाली तर किती महिन्यांपर्यंत फुकट दुरुस्ती. मी त्याला मराठीत तो कागद नीट लिहून दिला, एवढाच माझ्या बीएडचा या कामाला हातभार.

वाचकांना माझी एक विनंती आहे. घरात नळ बसवायला कोणी आले तर त्याला बसायला खुर्ची द्या, त्याचे नाव विचारा, मजुरी आधी ठरवा आणि ठरली ती पूर्ण द्या. टाइल लावण्याआधी दाब भरून दाखवायला सांगा, आणि तो वेळ मागत असेल तर वेळ द्या. आणि घरात कोणी मशक, पखाल, पाना घेऊन पोट भरले असेल तर मुलांना त्याचे नाव सांगा.

परवा बहिणीच्या मोठ्या मुलीसाठी स्थळ आले होते. पाहुण्यांनी विचारले, मुलीचा भाऊ काय करतो? बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, "प्लंबर आहे. आणि आमचे दादा भिस्ती होते."

पाहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यातले वयस्कर गृहस्थ जरा पुढे सरकले आणि म्हणाले, "आमच्या न्हाणीघराची तोटी दोन महिन्यांपासून गळते आहे. त्याला पाठवाल का?"

स्थळाचे काय होईल ते अल्लाह जाणे. तोटीचे काम मात्र पुढच्या रविवारी ठरले आहे.